विठोबाच्या बाह्या

लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा निवला नाही. बीपीची गोळी घेते, सकाळी गोकुलमच्या रस्त्याने चालायला जाते, काखेत चटया मारून योग शिकायला निघालेल्या परदेशी पोरी भेटतात, त्यांच्याकडे बघून हसतेसुद्धा. पण नववीच्या वर्षातली ती एक दुपार आठवली की आजही तळपायाची आग मस्तकाला जाते. माझी मुलगी म्हणते, "आई, होगली, सोड ना आता." मी सोडत नाही, म्हणून तर लिहायला बसले आहे. ज्यांना लहानपणाच्या गोड गोड आठवणी हव्या असतील त्यांनी हे प्रकरण खुशाल ओलांडून पुढे जावं.

आमचं घर मैसूरच्या शिवरामपेटेत, पुढे शिलाईचं दुकान आणि मागे आम्ही चौघं: अप्पा, आई, आत्या आणि मी. अप्पांची पायमशीन पहाटे दूध यायच्या आधीच सुरू व्हायची. तिच्या आवाजाची इतकी सवय होती की मशीन थांबली की मला जाग यायची. घरभर इस्त्रीतल्या कोळशाचा वास, खळीचा वास आणि आतून आईच्या कॉफीचा. दसरा जवळ आला की राजवाड्याच्या बाजूने तोफांची तालीम ऐकू यायची. पहिला बार झाला की अप्पा मशीनवरून पाय उचलायचे, कारण एकदा त्या आवाजाला दचकून त्यांनी एका वकिलाच्या कोटाची बाही तिरकी मारली होती. "तोफ होऊ दे, मग टाका," असा त्यांचा नियमच झाला. घरात आम्ही मराठी बोलायचो, निदान आमची तशी समजूत होती. "पद्दू, बागिल लाव गं, गाळी येती," म्हणजे दार लाव, वारा येतोय. अर्धं वाक्य इकडचं, अर्धं तिकडचं, आणि मधली शिवण आम्हाला कधी दिसली नाही. विठोबाशी मात्र अख्खी मराठी. एकादशीला भजनाला बसलो की सगळ्यांच्या तोंडून शब्द घडाघडा यायचे; त्यातल्या निम्म्यांचा अर्थ विचारला असता तर एकमेकांची तोंडं बघितली असती. पण चाल कुणाची चुकत नसे.

सरोजात्या ही अप्पांची धाकटी बहीण. तिला तिसरीतून काढून काजं करायला बसवलं होतं. पुढे लग्न लावून दिलं, ते टिकलं नाही. का टिकलं नाही ते घरात कुणी बोलत नसे आणि मीही इथे लिहिणार नाही, ती तिची गोष्ट आहे. परत आली तेव्हा तिच्याबरोबर एक ट्रंक होती आणि त्या ट्रंकेत लाकडी राजा-राणी. आमच्या मैसुरात मुलीला लग्नात ही जोडी देतात, आणि नवरात्रात घरोघरी पायऱ्या मांडून गोंबे, म्हणजे बाहुल्या बसवतात, तेव्हा सगळ्यात वरच्या पायरीवर ही जोडी उभी राहते. आत्याचं बाकीचं सगळं सासरी राहिलं, हे दोघे तेवढे परत आले. भावाच्या घरी राहणाऱ्या बाईचं स्वतःचं म्हणावं असं काय असतं? ताट घरचं, पांघरूण घरचं, लुगडंसुद्धा भावजयीच्या पसंतीचं. राजा-राणी मात्र आत्याचे होते, आणि आईनेही त्यांना कधी तिला विचारल्याशिवाय हात लावला नाही.

शिंप्याच्या घरात गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड परत द्यायचं असतं. अप्पा त्या बाबतीत फार कडक. पण बोटभर कातरण कोण मागायला येतंय? ती आत्याची. आत्या वर्षभर ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकत राहायची आणि नवरात्राच्या आधी डबा जमिनीवर उपडा करून राजा-राणीचे कपडे शिवायची. दरवर्षी नवे, आणि त्याच वर्षाच्या कातरणांचे. वकिलाच्या कोटाचा काळा, पलीकडच्या लताच्या लग्नातल्या ब्लाउजचा काठ, बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतून एक म्हातारे लामा आपल्या बंड्या शिवून घ्यायला यायचे त्यांचा डाळिंबी, कुणा परदेशी बाईच्या ढगळ विजारीचा जांभळा. संध्याकाळी गोंबे बघायला बाया यायच्या, हातात उसळीची वाटी घेऊन वरच्या पायरीकडे वाकायच्या आणि ओरडायच्या, "अय्यो, हे तर आमच्या लताचं!" मग कुणाचं काय ते ओळखायची चढाओढ लागायची. आत्या बाजूला उभी राहून नुसती हसायची. मला वाटतं, वर्षातून तेवढे नऊ-दहा दिवस तिला कुणी बिचारी म्हणत नसे.

दसऱ्याच्या रात्री बाकीच्या घरांत एखादी बाहुली आडवी करून गोंबे झोपवतात. आमच्याकडे राजा-राणी झोपायचे नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी एकादशी. त्या सकाळी न्हाऊन आत्या त्यांचे राजेशाही कपडे उतरवायची आणि त्या दोघांचे विठोबा-रखुमाई व्हायचे. आमच्या मराठी शिंपी लोकांच्या आणखी दोन-चार घरांत असं करायचे, पण आत्यासारखं कुणाला जमत नसे. अडचण अशी, की राजाचे हात लाकडातच सरळ, अंगाला चिकटलेले. विठोबाचे तर कमरेवर हवेत. मग आत्या अंगरख्याच्या बाह्या घसघशीत कापायची, त्यांत कापूस नाही, कातरणच कोंबायची, कोपराला एक चुणी घ्यायची आणि बाहीचं टोक टाचणीने कमरेला टाचायची. झाले विठोबाचे हात कमरेवर. लांबून बघणाऱ्याला शंका यायची नाही. पंढरपुरात रखुमाई रुसून वेगळ्या देवळात उभी आहे म्हणतात. आमच्याकडे ती शेजारी उभी. "दोघं बराबर असू देत की," आत्या म्हणायची, "वर्षातनं एक दिवस तरी." मग आई दही-गूळ घातलेल्या पोह्यांचा नैवेद्य आणायची, कारण आमच्याकडे एकादशीला पोहे चालतात, आणि अप्पा टाळ काढायचे. द्वादशीला दोघे परत ट्रंकेत.

आता मृणाल मिस. त्या नववीत आमच्या वर्गाला आल्या. मूळच्या पुण्याच्या, नवरा हिनकलच्या पुढच्या कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत, म्हणून मैसूरला. हसऱ्या, टापटीप, मुलांवर कधी आवाज न चढवणाऱ्या. हजेरीत माझं आडनाव वाचून त्यांचा चेहरा उजळला. "अगं, तू मराठी?" मी उभी राहून मला वाटत होतं त्या मराठीत उत्तर दिलं. त्या खळखळून हसल्या. "हे कुठलं गं मराठी?" वर्गातल्या बाकीच्यांना यातलं अक्षर कळलं नव्हतं, पण मिस हसल्या म्हणून सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून घरी तोंड उघडायच्या आधी मी शब्द तपासायला लागले.

शाळेत तेव्हा नुकतीच कॉम्प्युटरची खोली झाली होती. मिसनी डिजिटल स्क्रॅपबुकचा प्रकल्प काढला. फोटो, आवाज, चित्रं, मजकूर असं सगळं कॉम्प्युटरच्या पानांवर लावायचं, आणि शेवटी ते पालकांसमोर मोठ्या पडद्यावर दाखवायचं. फळ्यावर त्यांनी एक भारदस्त इंग्रजी शब्द लिहिला आणि माझ्याकडे बघून त्याचं मराठीही सांगितलं, सांस्कृतिक साक्षरता. जशी अक्षरं वाचता येतात तशी माणसांची रीतभात वाचता आली पाहिजे, म्हणाल्या. मला ते फार आवडलं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आजही आवडतं. माझा राग त्या कल्पनेवर नाही. स्क्रॅपबुक म्हणजे कातरणांची वही, हेही त्यांनीच समजावलं. मी धावत घरी आले आणि आत्याला सांगितलं. ती सुईत दोरा ओवत होती. "मग आमचं वेगळं काय आहे?" ती म्हणाली. "त्यांची वही, आपला डबा."

मुलांच्या घरचे सण बघायला मिस कॅमेरा घेऊन फिरत होत्या. आमच्याकडे त्या एकादशीलाच आल्या. आत्याने नवं लुगडं नेसून दारात रांगोळी काढली होती आणि केसांत मल्लिगेचा गजरा माळला होता, जो ती एरवी माळत नसे.

"काकू, किती गोड आहे हो हे सगळं!" मिस गुडघ्यांवर बसून फोटो काढत होत्या. "तुम्हाला हे शिकवलं कुणी?"

"कुणी नाही की, मिस. असंच करत आलो."

"पण मग राजा-राणी आणि विठोबा-रखुमाई एकच कसे?"

"कालवर राजा होता, आज विठोबा. उद्या परत ट्रंकेत," आत्या म्हणाली आणि दोघी हसल्या. आत्याने त्यांना बाहीची युक्ती दाखवली, आत बोट घालून कातरण दाखवली, टाचणी दाखवली. इतकं तर तिने मलाही कधी दाखवलं नव्हतं. आईने पोह्यांची वाटी पुढे केली तेव्हा मिस म्हणाल्या, "एकादशीला पोहे? आमच्याकडे नाही हं चालत उपासाला." आई म्हणाली, "हो का? इकडं चालतं की." मिसनी पोहे घेतले नाहीत, कॉफी घेतली, आणि जाताना आत्याचा हात हातात धरून म्हणाल्या, "काकू, हे सगळं मी मुलांना दाखवणार."

त्या गेल्यावर आत्या बराच वेळ दारातच उभी होती. "कसं बोलते नव्हे? मध्ये एक कन्नड शब्द नाही. अभंग म्हटल्यासारखं." दुसऱ्या दिवशी तिने विठोबाच्या अंगरख्याच्याच उरलेल्या तुकड्यांची एक पिशवी शिवली, मिसच्या कॅमेऱ्याच्या मापाची, अंदाजाने, नुसतं डोळ्यांनी माप घेऊन. ती चपखल बसली. मिसना फार आवडली. त्या ती रोज खांद्याला लावून यायच्या आणि मी रोज घरी येऊन आत्याला तसं सांगायची.

वर्गात पानं वाटली तेव्हा एकेका राज्याचं एकेक पान निघालं. मला महाराष्ट्र. मी तोवर हुन्सूरच्या पलीकडे गेले नव्हते. मिसनी इंटरनेटवरची चित्रं काढून दिली: नथ, नऊवारी, किल्ले, वडापाव. यांतलं काहीच आमच्या घरात नव्हतं. वडापाव हा बटाट्याचा बोंडा पावात घालून करतात, हे मी त्या चित्रावरून शिकले. मी ती सगळी चित्रं बाजूला सारून पानाच्या मधोमध आमचा फोटो लावला, वरच्या पायरीवर विठोबा-रखुमाई, खाली सगळे गोंबे, पुढे पोह्यांची वाटी. मिसनी बघितलं आणि डोकं एका बाजूला कलतं केलं.

"हे इथे नाही बसत गं. गोंबे कर्नाटकाचे. विठोबा महाराष्ट्राचा. मग हे नक्की कुठलं?"

"घरचं," मी म्हणाले.

"अगं, पण घर नावाचं राज्य नसतं ना, पद्मा!" त्या प्रेमाने म्हणाल्या. मग म्हणाल्या, "फोटो सुंदर आहे. माझ्याकडे राहू दे, मी लावते योग्य जागी." मी तेवढ्यावर खूश. घरी जाऊन जाहीर केलं की आत्याचे गोंबे मोठ्या पडद्यावर दिसणार. गल्लीत ही बातमी आत्यानेच पोचवली. चार बायांच्या नाकावर टिच्चून तिला एकदा सांगायचं होतं, की तिच्या हातचं काहीतरी शाळेत शिकवायला घेतलंय.

पालकांसमोरच्या कार्यक्रमाच्या दिवशी अप्पांनी दुकान अर्ध्या दिवसावर बंद केलं. आईला कणकण होती, ती घरीच राहिली. आत्याने तिचं एकुलतं रेशमी लुगडं नेसलं. शाळेच्या हॉलच्या दाराशी तिने चपला काढल्या. मी म्हणाले, "आत्या, इथं घालून जातात," तर म्हणाली, "असू दे गं, शाळा आहे." तिसरीनंतर ती पहिल्यांदाच शाळेत पाऊल टाकत होती. तिने अप्पांना ओढत नेऊन पुढच्या रांगेत बसवलं. मी पडद्याशेजारी कॉम्प्युटरपाशी, पान पुढे सरकवायला. मिस माईकवर, खांद्याला आत्याची पिशवी. एकेक राज्य आलं, टाळ्या झाल्या. कर्नाटकाच्या पानावर कुणाचेतरी दुकानातून आणलेले चकचकीत राजा-राणी होते, महाराष्ट्राच्या पानावर इंटरनेटवरचा विठोबा. आमचा फोटो कुठेच नव्हता. आत्या माझ्याकडे बघून भुवया उंचावत होती आणि मी हाताने थांब, थांब, म्हणत होते.

मग मिस म्हणाल्या, आता शेवटी एक गंमत, सगळ्यांसाठी एक छोटा खेळ. मी बटण दाबलं आणि आमचा फोटो भिंतभर पसरला. आत्या अर्धी उभी राहिली. "पद्दू! आमचे!" ती मोठ्यांदा म्हणाली, आणि शेजारच्या बाईंचा दंड धरून कन्नडमध्ये, "नम्म गोंबे, हे आमचे गोंबे." मिस म्हणाल्या, पुढे. मी परत दाबलं. विठोबाच्या बाह्यांभोवती एक तांबडं वर्तुळ उमटलं. वर इंग्रजीत मथळा आला: चूक ओळखा.

मला कळायला एक क्षण लागला. मी बटणावरून हात काढून घेतला. मिसनी हसत येऊन स्वतःच दाबलं. दुसरं वर्तुळ वरच्या पायरीभोवती. तिसरं पोह्यांच्या वाटीभोवती. पोरांनी हात वर केले, ओरडून उत्तरं दिली. देवाला बाहुलीचे कपडे! गोंब्यांत देव नसतो! उपासाला पोहे चालत नाहीत! प्रत्येक उत्तराला "शाब्बास", प्रत्येक शाब्बासला टाळ्या. आणि आत्याही टाळ्या वाजवत होती. सगळ्यात मोठ्यांदा तीच वाजवत होती. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. ती अप्पांना म्हणाली, ते मला पडद्यापाशी स्पष्ट ऐकू आलं, "बघ, कुंकवाचं बोट फिरवल्यासारखं भोवती तांबडं केलंय. मिसनी केवढा मान दिला."

एवढी वर्षं मी मुलांना शिकवते, वर्गात माझ्याकडूनही कुणाकुणाला लागलं असेल, पण घरी बोलावून ज्या बाईने आपलं सगळं उलगडून दाखवलं, तिच्याच हातची गोष्ट चुकीचा नमुना म्हणून भिंतीवर टांगायची, आणि तीही तिने शिवलेली पिशवी खांद्याला अडकवून, याला मला अजून शब्द सापडलेला नाही. शिवी सापडते. ती इथे लिहीत नाही.

"तप्पु नाही ते!" मी ओरडले. चूक म्हणायचं होतं, तोंडातून घरचाच शब्द आला. "चूक नाही! आमचं असंच असतंय!" मिस माईकवरच म्हणाल्या, "पद्मा, रागावायचं नाही हं. आपण सगळेच शिकतोय." आत्या गोंधळून इकडेतिकडे बघायला लागली. "काय झालं? का ओरडते पोर?" अप्पा तिच्याकडे झुकले आणि हळू आवाजात त्यांनी तिला सांगितलं. तिचे हात टाळीसाठी उघडेच होते. ते तिने सावकाश मांडीवर ठेवले, मग पदराखाली घेतले. पडद्यावर तिचे दोघे तसेच उभे होते, तीन तांबड्या वर्तुळांत.

कार्यक्रम संपल्यावर मला वाटलं, आता अप्पा बोलतील. गिऱ्हाइकाने शिलाईला नाव ठेवलं तर सबंध पेठेला ऐकू जाईल असे भांडणारे अप्पा. त्यांनी मिसपुढे हात जोडले. "पोरीचं मनावर घेऊ नका, मिस. आम्ही शिकलेले नव्हे. चुकलं असेल." त्यांचे ते जोडलेले हात मी अजून त्यांना माफ केलेले नाहीत, आणि आता ते माफी घ्यायलाही राहिले नाहीत. मिस म्हणाल्या, "छे हो, उलट किती छान उदाहरण मिळालं मुलांना! आणि मी नाव कुठे घातलं नाही हं कुणाचं." मग आत्या पुढे झाली. मला वाटलं, ती पिशवी मागून घेईल. मी मनातल्या मनात तिला पिशवी मागायला लावत होते.

"मिस," ती म्हणाली, "मग बरोबर कसं, तेवढं सांगा. एवढी वर्षं चुकतच आलो म्हणजे."

आणि मिसनी सांगितलं. अगदी आनंदाने, सविस्तर. राजा-राणी म्हणजे फक्त राजा-राणी. विठोबा देवघरात, वेगळा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी. आत्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, तोंडाने पुटपुटून पाठ करत होती, आणि शेवटी म्हणाली, "फार उपकार झाले."

पुढच्या नवरात्रात तिने डबा उपडा केला नाही. राजा-राणीला बाजारातून तयार मखमली कपडे आणले, सोनेरी टिकल्यांचे. दसऱ्याच्या रात्री त्यांना सगळ्यांसारखं आडवं केलं. देवघरात विठोबाची तसबीर आली, एकट्याची. फ्रेमवाल्याकडे जोडीची नव्हती. आईने साबुदाणा आणला आणि तो कसा भिजवायचा ते ठाऊक नसल्यामुळे त्याचा गोळा झाला. बाया आल्या, सवयीने वरच्या पायरीकडे वाकल्या, ओळखायला काही नव्हतं. उसळी खाऊन, बरं आहे म्हणून निघून गेल्या. आत्याच्या डब्यातल्या कातरणांनी अप्पा मशीनचं तेल पुसायला लागले. मी आत्याशी भांडले. म्हणाले, "तिला काय कळतंय गं आपल्यातलं?" तर आत्या शांतपणे म्हणाली, "ती पुण्याची आहे, पद्दू. तिला नाही कळणार तर कुणाला?"

मृणाल मिस वाईट बाई नव्हत्या, असं माझ्या वर्गातली सगळी मुलं आजही सांगतात. वाईट असत्या तर फार बरं झालं असतं. वाईट माणसाचं आत्याने ऐकलं नसतं.

आता मीच शिकवते. आमच्या शाळेतली मुलंही टॅबवर स्क्रॅपबुकं करतात. त्यातलं तयार पान उघडलं की पहिला प्रश्न येतो, तुमचं राज्य निवडा. गेल्या वर्षी बैलकुप्प्याची एक मुलगी ते बघून माझ्याकडे आली, "मिस, मी कुठलं दाबू?" मी म्हणाले, काही दाबू नकोस, ते बंद कर आणि कोरं पान घे. हेडमास्तर म्हणतात, मी या विषयावर फार तापते. तापते. तापणारच.

आत्या आता माझ्याकडे असते. डोळे गेल्यासारखेच आहेत, बोटं मात्र शाबूत. यंदाच्या नवरात्रात मी ट्रंक काढली. वर्षभर एका ओळखीच्या टेलरकडून कातरण गोळा करून ठेवली होती. माझी शिवण बेताचीच, पण बाह्या मोठ्या कापल्या, कोंबल्या, कोपराला चुणी घेतली, टोक कमरेला टाचलं. एकादशीच्या सकाळी दोघांना शेजारी शेजारी उभं केलं, पोह्यांची वाटी ठेवली आणि आत्याला हाताला धरून पायरीपाशी आणलं. तिने चाचपत राजाचा खांदा धरला, मग बाही. बोट आत घातलं.

"भरल्यास?"

"भरल्या."

"कातरण?"

"कातरणच, आत्या."

ती हसली. कितीतरी वर्षांनी तिला तसं हसताना पाहिलं. फार बरं वाटलं मला. मग तिचं बोट खाली टाचणीपाशी जाऊन थांबलं.

"मिसला विचारलीस नव्हे? चालतंय म्हणाली?"

"मीच मिस आहे आता, आत्या. चालतंय."

तिने माझ्या गालावरून हात फिरवला, लहान पोराची समजूत काढावी तसा. "तू नव्हे गं. ती. खरी मिस." आणि न बघता, सराईत बोटांनी तिने टाचणी काढली. विठोबाची बाही सुटून सरळ खाली आली. मी टाचणी तिच्या हातातून घेतली आणि परत लावली. तिने परत काढली. मी तिसऱ्यांदा लावली.